चार दिवसांची सावड

"उठ रं कमल्या, तुज्या बापाची सावड राहिलीय माज्याकडं."

दारात शेजारच्या आळीतले बुधाजीकाका उभे होते. कमलेशने चादरीतून डोकं काढलं, त्यांना पाहिलं आणि परत आत घेतलं.

आठ महिने हे असंच चाललं होतं. खोपोलीची नोकरी त्याने सोडली की त्याच्या हातून सुटली, हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं. दहा तास झोपूनही अंग मोडून आलेलं असे. दात घासायला उठायचं म्हणजे पायी माथेरान चढायचं. कर्जतच्या डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं, पिवळ्या गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. कडाव गावातल्या लोकांनी आळस म्हटलं, तेही न विचारता. बायको, संजना, काहीच म्हणाली नाही. डेअरीवर दूध घालून येताना तिचे डोळे लाल असायचे, एवढंच.

"कसली सावड?" त्याने चादरीतूनच विचारलं.

"तुज्या बापाच्या शेवटच्या भातलावनीला मी चार दिस तुमच्या शेतात राबलो. कान्हानं माज्याकडं चार दिस यायचं, तर तो गेला. मागच्या साली माजी पाठ धरली, म्हनून मीबी गप ऱ्हायलो. आता बांध फुटल्यात, रोपांसाठी राब भाजायचाय. बापाचं कोन फेडनार?"

कमलेश उठून बसला. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, दिवसाला दिवस. सावडीत बाकी ठेवणाऱ्याला गावात मान नसतो. त्याचा बाप कान्हा तर अंगात ताप असतानाही दुसऱ्याच्या चिखलात उतरलेला माणूस.

"माझ्या बापानं कुणाचा दिवस ठेवला नाही, काका!" आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"मग कर खरं," काका म्हणाले आणि चालू लागले.

कमलेश चपला शोधू लागला. रागाने माणूस उठतो, हे काही डॉक्टरांनी लिहून दिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दहा-बारा ढेकळं बांधावर रचून झाली आणि त्याचे हात गळाले. लाज वाटून त्याने वर पाहिलं, तर काका आधीच ऐनाच्या झाडाखाली जाऊन टेकले होते. सदऱ्याचं बटण एक घर चुकून लावलेलं. खिशातून काढलेली गोळी त्यांनी पाण्याबरोबर गिळली.

"बीपीची हाय," ते न विचारताच म्हणाले. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. कमलेशला ते बरं वाटलं. एरवी लोक बोलायचे तरी, नाहीतर मुद्दाम गप्प तरी राहायचे.

दुसऱ्या दिवशी त्याला फार जड गेलं. अकराला पोचला. काका दारातच बसून होते. तिसऱ्या दिवशी दोघांनी तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाल्ली. काकांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

"तुजा बा लावनीत सगळ्यांच्या पुढं असायचा," ते म्हणाले. "मागं वळून वरडायचा, 'अरं, मुंग्या तरी बऱ्या!' बाया त्याला चिखल मारायच्या."

कमलेशला सगळं आठवलं. बांधावर बसून भाकऱ्या राखणारा लहानगा तो, चिखलाने माखलेले, दात काढून हसणारे बाबा, घरी येताना त्यांच्या खांद्यावरून दिसणारे डोंगर. त्या खांद्यावर बसलं की कसलीच भीती नसायची. तो हसला, आणि आपण हसलो याचं त्याला नवल वाटलं.

संध्याकाळी काकांनी रोजच्यासारखं विचारलं, "उद्या येशील नं रं?"

चौथ्या दिवशी राब भाजला. शेण, पाला, वरची माती धुमसू लागली. तो वास बाबांच्या सदऱ्याचा होता. कमलेश ओक्साबोक्शी रडला. इतके महिने त्याला रडायलाही जोर नव्हता.

"फिटली रं कान्हाची सावड," काका धुराकडे बघत म्हणाले. बाकी वसूल झालेल्या माणसाचा चेहरा असा पडत नाही, असं कमलेशला वाटून गेलं.

पाचव्या दिवशी सावड उरली नव्हती, तरी काका हाक मारतील म्हणून तो आठलाच चपला घालून पायरीवर बसला. काका आले नाहीत. नऊ वाजले, साडेनऊ झाले. शेवटी तोच त्यांच्या घरी गेला.

सोनुबाईकाकी ओटीवर बसल्या होत्या. खिडकीत गोळ्यांचं पाकीट होतं. तो स्वतः घेत होता तीच पिवळी गोळी, वर तोच कर्जतच्या डॉक्टरांचा शिक्का.

"काकी, पाठ धरली का परत?"

"कसली पाठ रं? ते गावाला सांगायचं." काकींनी पदर डोळ्यांना लावला. "वर्सभर हातरून सोडलं नव्हतं त्यांनी. तुजी संजना इथं माज्यापाशी रडली, ते आतून आयकलं नि दुसऱ्या दिशी आपनच उठले. मी म्हनलं, कान्हाभावजींनी तर मरायच्या आधीच सगळे दिस फेडल्यात. तर म्हनाले, तू गप ऱ्हा."

"आणि आज?"

"आज म्हनतात, सावड फिटली. आता कशाला उठू?"

कमलेश आत गेला. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो त्यांच्या उशाशी बसला.

"उठा काका," तो म्हणाला. "तुमी मोजायला चुकलाव. माझ्या बापाचे अजून लई दिवस राहिल्यात."