गाळलेलं वाक्य

फरशीवाल्या काकांचं हृदय आज फारच धडधडत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाची पट्टी सोडली आणि झोप लागली नाही का, असं विचारलं. त्यांची भाषा काकांना येत नव्हती आणि काकांची त्यांना. मध्ये दुभाषी बसली होती. तिने विचारलं.

"भाऊ गेला परवा," काका म्हणाले. "महिनाभर अंथरुणाला खिळून होता गावाकडे."

तिने ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग काका भेटायला का गेले नाहीत?

"कसा जाणार? मंगळवार चुकला असता. तुला शब्द दिला होता ना, पोरी."

दर मंगळवारी यायचा तो शब्द दुभाषीनेच त्यांच्याकडून घेतला होता.

हृदयविकाराच्या या संशोधनाला सगळ्या भाषांची माणसं हवी होती. आजवरची औषधं एकाच प्रकारच्या माणसांवर पारखलेली, आणि तिच्या लोकांत तर घरटी एक जण छाती चोळत बसलेला. म्हणून ती जीव तोडून माणसं जमवत होती. समजावताना सगळं सुरळीत चालायचं, फक्त एका वाक्यापाशी घोडं पेंड खायचं. 'तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता.' एवढं ऐकलं की तिची माणसं चपला शोधायला लागत. घरी आलेल्याला कोणी असं म्हटलं तर त्याने काय समजायचं? आपली इथे गरज नाही, असं समजून ती हात जोडत आणि काढता पाय घेत. असे काही जण हातचे गेल्यावर तिने ते वाक्य गाळायला सुरुवात केली. कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं. उलट दर मंगळवारी न चुकता येणाऱ्या काकांचं ती चारचौघांत कौतुक करायची.

डॉक्टरीणबाई उत्तराची वाट पाहत होत्या. दुभाषीने काकांचं बोलणं सांगितलं, शब्द दिल्याचंही. तेवढं गिळता आलं असतं, पण आज तिचं मन धजेना.

"पण आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केव्हाही सोडता येतं, कोणी जाब विचारणार नाही. त्यांच्या लक्षात नव्हतं का? विचारा ना."

काकांच्या नखांत अजून जुन्या सिमेंटची रेघ होती. त्या रेघेकडे बघत दुभाषीने ते वाक्य पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत म्हटलं. केव्हाही सोडता येतं. कोणी जाब विचारणार नाही. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं त्या म्हणतायत. तिला लाज वाटत होती, आणि नोकरीची भीतीही वाटत होती. त्या भीतीची तिला जास्तच लाज वाटली.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्या सगळं ध्यानात आलं होतं. मग रक्त काढायचं होतं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची बाही हळूहळू वर सारली.

"सांगितलं होतं म्हणावं," ते म्हणाले. "मीच विसरलो. वय झालं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दुभाषीने शब्दाला शब्द भाषांतर केलं, एकही न गाळता.