शेंदूर फासलेली लिपी

“इथं राजानं आपल्या गावाला जमीन दान दिलीय,” इतिहासाचे धारप सर शेंदूर फासलेल्या दगडावर बोट ठेवून वाचत होते. गावकरी हात जोडून ऐकत होते.

तो दगड आमच्या मालिकेच्या सेटवरचा. काल्पनिक राज्यासाठी मोडी आणि ब्राह्मीची वळणं मिसळून त्यावरची अक्षरं मीच बनवली होती. चित्रीकरण आटोपलं आणि दगड डोंगरावरच राहिला.

न राहवून मी लॅपटॉप उघडला. “सर, हा फॉन्ट माझा आहे. यात एकही शब्द नाही, नुसती नक्षी आहे.”

सरांनी चष्मा पुसून स्क्रीनवरचं एकेक अक्षर दगडाशी ताडून पाहिलं.

“प्रयत्न चांगला आहे,” ते म्हणाले, “पण तुमची तीन अक्षरं चुकलीत. मूळ दगड नीट अभ्यासा.”