तिसऱ्या मजल्याची ताटं

"काल तिसऱ्या मजल्यावरून एकवीस ताटं परत आली," अधीक्षक बाई म्हणाल्या. "चाळीसपैकी एकवीस."

टेबलाच्या एका बाजूला मेट्रनबाई बसल्या होत्या, समोर रुग्णालयाचा आचारी. मधे एक कागद होता. स्वयंपाकघर बंद करून बाहेरून डबे मागवावेत, असं त्यावर टाइप केलेलं होतं. फक्त अधीक्षक बाईंची सही व्हायची राहिली होती. आचाऱ्याची या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं गेली होती. कागद त्याच्याकडून उलटा होता, तरी त्याने तो वाचला होता.

"खालच्या दोन मजल्यांवर हेच जेवण जातं. तिथली ताटं चाटूनपुसून येतात," तो म्हणाला. "मग तिसऱ्या मजल्यालाच माझा हात कडू कसा लागतो?"

"तिथे म्हातारी माणसं आहेत, महाराज. जन्मभर जेवलेली. त्यांना फसवता येत नाही." मेट्रनबाईंनी वॉर्डचं रजिस्टर पुढे सरकवलं. "हे बघा. रोज लिहिलंय, जेवण नको म्हणाले. आम्ही काय मनाचं लिहितो?"

"वर वाढता कसं, ते बघायला पाहिजे."

"मग या की बघायला!"

"येऊ देता कुठे?"

अधीक्षक बाईंना इथे येऊन महिनाच झाला होता. येऊ देता कुठे म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दोघंही एकदम बोलायला लागले. स्वयंपाकघराच्या माणसाने गाडी वॉर्डच्या दारात सोडायची, आत पाऊल टाकायचं नाही. वॉर्डच्या आयांनी ताट खाटेशी ठेवायचं, जेवणाला हात लावायचा नाही. पूर्वी दोन्हीकडची भांडणं फार व्हायची. आधीच्या साहेबांनी हा नियम केला आणि भांडणं मिटली.

"आणि परत आलेली ताटं कोण बघतं?"

"त्यात बघायचंय काय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "खाली मावशी घासतात."

"बोलवा त्यांना."

मावशी ओले हात पुसतच आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. "माझ्याकडून काही फुटलं नाही हो बाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

अधीक्षक बाई उठल्या. कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी स्वतः ओढून टेबलाशी आणली. "बसा. तिसऱ्या मजल्याची ताटं कशी असतात, तेवढं सांगा."

मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या. "घासायला सोपी," त्या म्हणाल्या.

"सोपी कशी?"

"झाकणंच उघडलेली नसतात. जेवणाला बोटसुद्धा लागलेलं नसतं."

आचारी ताडकन उठला. "मावशी! रोज माझ्याबरोबर चहा पिता तुम्ही. एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला वाटलं, जास्तीची धाडत असाल. एवढ्या मोठ्या ठिकाणी कमी पडायला नको म्हणून."

आचारी परत खाली बसला. झाकणं घट्ट दाबून बसवायला त्यानेच सांगितलं होतं. गाडीला हिसके बसतात, वाटेत सांडू नये म्हणून.

मेट्रनबाई अजून रजिस्टरच्या त्याच पानाकडे बघत होत्या. "म्हणजे इतके दिवस मी खोटं लिहीत होते?"

"लिहीत तुम्ही होता. वाचून सही मी करत होते," अधीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजत आले होते. "ताटं आता वर जातील. चला, सगळेच जाऊ. मावशी, तुम्हीसुद्धा."

वॉर्डच्या दारात आचारी सवयीने थांबला. आत आया ताटं ठेवत पुढे चालल्या होत्या. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना सोडत नसत, त्यामुळे वॉर्ड शांत होता.

दारालगतच्या खाटेवर एक आजोबा उशीला टेकून बसले होते. त्यांच्या उजव्या हातातलं बळ गेलेलं होतं. तो पांघरुणावर नुसता पडून होता. त्यांनी डाव्या हाताने झाकण धरून ओढलं. झाकणाबरोबर ताटच सरकलं. त्यांनी पुन्हा ओढलं. मग कोणी बघत नाही ना, म्हणून शेजारच्या खाटांकडे नजर टाकली आणि चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत बसले.

मेट्रनबाई पुढे निघाल्या. अधीक्षक बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं.

थोड्या वेळाने एक आया खाटेशी आली. "जेवला नाहीत, आजोबा?"

"नको गं बाई. भूकच नाही," आजोबा हसून म्हणाले.

आया पुढच्या खाटेकडे गेली.

"महाराज," मेट्रनबाईंनीच शेवटी म्हटलं. "जा. आत जा तुम्ही."

आचारी आत गेला. दोन्ही अंगठे लावून त्याने झाकण उघडलं, ताट जवळ ओढलं आणि चमचा आजोबांच्या डाव्या हातात दिला.

"आपण कोण?" आजोबांनी विचारलं.

"मी खाली स्वयंपाक करतो."

आजोबांनी पहिला घास घेतला. थोडं सदऱ्यावर सांडलं. ते सावकाश चावत राहिले. आचारी हात मागे बांधून उभा होता. दाराशी तिघी बायका उभ्या होत्या.

"मीठ कमी आहे," आजोबा म्हणाले आणि चमचा पुन्हा ताटात घातला.