एका शिट्टीचा दाब

चंद्रावर राहायला आल्यापासून सुलभाबाईंनी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली, पण स्वयंपाकघराशेजारच्या दाराची सर कुणालाच आली नाही. दारापलीकडच्या खोलीत त्यांचे यजमान, लोणारे, बाहेरून येऊन अडकले होते. खोलीत हवा भरली होती, पण हेल्मेटचं कुलूप दाराच्याच ताब्यात, आणि पाठीवरच्या सिलिंडरमध्ये उरली होती सहा मिनिटांची हवा.

"आतला दाब पास्कलमध्ये सांगा," दार पाचव्यांदा म्हणालं.

"काटा चौदा पूर्णांक दोन पौंड दाखवतोय," आतून लोणारे ओरडले.

"पौंड मला चालत नाहीत. गुणाकार माणसानेच करायचा, असा सुरक्षेचा नियम आहे."

"अहो, मग पास्कल किती होतात?" सुलभाबाईंनी विचारलं.

"मी टायरवाला माणूस, सुलभा. जन्मभर हवा पौंडातच भरली."

तेवढ्यात शेगडीवरच्या कुकरची शिट्टी झाली. बाईंचा पारा चढलेलाच होता. "एक शिट्टी," त्या दारावर खेकसल्या. "आत एक शिट्टी दाब आहे. घे."

दाराने आपला कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. "शिट्टी म्हणजे किती? पुरावा दाखवा."

बाईंनी कुकर तसाच उचलला आणि दाराच्या कॅमेऱ्यासमोर धरला. झाकणावर कोरलं होतं: शिट्टीचा दाब १४.२ पौंड, म्हणजे ९८ हजार पास्कल.

"मान्य," म्हणत दार सरकलं.

हेल्मेट काढून लोणाऱ्यांनी पोटभर श्वास घेतला आणि कुकरकडे पाहिलं. "भात झाला का गं?"

"कच्चा आहे. तीन शिट्ट्या लागतात, त्यातली पहिलीच तुमच्यावर गेली."