बाबांचा खिळा

बायकोला, नुबियाला, सातवा महिना लागला आणि एलिसेओनं घाटाच्या सायकल शर्यती सोडल्या. कोलंबियातल्या बोयाकाच्या डोंगरात शर्यती सोडणारा गडी सायकल विकत नाही, घरात भिंतीवर टांगतो. तो हातोडी शोधायला लागला तशी आई हसली.

"नवा खिळा कशाला? जेवणाच्या टेबलासमोर तुझ्या बाबांच्या सायकलीचा, ते गेल्यापासून रिकामाच आहे की! तू पोटात होतास तेव्हा ठोकलाय त्यांनी, अजून हललेला नाही."

एलिसेओ त्या खिळ्याकडे बघत राहिला. बाबा जन्मभर त्या सायकलीकडे बघत जेवले होते. पोराच्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

 

"अहो, बाळ लाथ मारतंय, हात लावून बघा ना!" नुबिया जेवता जेवता म्हणाली, पण बाबांच्या खिळ्यावरच्या आपल्या सायकलीवरून एलिसेओची नजर हलली नाही.