आजीशेजारची जागा

"पुटपुटू नकोस गं. तू मला चर्चला बोलावते आहेस की गुन्हा कबूल करते आहेस?"

आजी पलंगावर बसून चर्चला घ्यायच्या शालीची घडी घालत होती. समोर आठ वर्षांची नात उभी होती, हात मागे बांधून.

रविवारच्या शाळेतल्या बाईंनी मुलांना काम लावून दिलं होतं. प्रत्येकानं एका माणसाला उपासनेला बोलवायचं. आणि तेही कुणाला, तर ज्याला वाटतं की आपल्याला कुणी बोलावणार नाही, त्याला. बाकीच्या मुलांनी मावश्या-आत्यांना सांगून हात झटकले. ही मात्र तीन दिवस विचारात होती. कोण म्हणून विचारलं तर तोंडाला कुलूप. आज मात्र ती आजीपुढे बोलावण्याची तालीम करत होती.

नातीनं घसा खाकरला. "रविवारी आमच्या चर्चला याल का? तुम्ही आलात तर मला आवडेल."

"आणि मी म्हटलं, मला तिथे कोण ओळखतं? मग गं?"

नात पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडू लागली.

"बघ, इथेच माशी शिंकते." आजीनं घडी मांडीवर ठेवली. "नुसतं 'या' म्हणून भागत नाही. नवं माणूस दारापर्यंत येतं. आत बघावं तर सगळे पाठमोरे. की निघालं आल्या पावली घरी. आधी जागा सांगायची. 'माझ्याजवळ बसा' म्हणायचं."

"पण आम्ही मुलं पुढे सतरंजीवर बसतो."

"मग माझ्याजवळ बसव. माझा बाक आहे की."

"तिथे तुझी पिशवी असते."

ते खरं होतं. आजोबा गेल्यापासून त्यांच्या जागेवर आजीची पिशवी बसत होती, आणि तिला उठवायची पाळकांचीही छाती नव्हती.

"पिशवीचं काय एवढं? खाली ठेवीन."

"कुणीही आलं तरी?"

"कुणीही. मी काय चावते?"

नात चपला घालून जिना उतरलीसुद्धा. आजीनं शाल गादीखाली सारली आणि वर बसली. वर्ष झालं, या घरातल्या कपड्यांना इस्त्री अशीच होत होती.

कारण जिन्याखाली इस्त्रीवालीचं टेबल होतं. आजोबांना शेवटचा घालायचा कोट तिच्या हातून जळला होता. पाठीवर, तळहाताएवढा. शवपेटीत निजलेल्या माणसाची पाठ कुणाला दिसते? पण आजीला ठाऊक होतं, तेवढं पुरे झालं. तिनं त्यांना स्वेटर घालून पाठवलं आणि इस्त्रीवालीला बजावलं, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." तेव्हापासून आजी जिना उतरायला लागली, की ती बाई भिंतीकडे तोंड करून धुतलेले कपडे पुन्हा झटकत बसे.

नातीनं तिच्यापुढे सगळं न अडखळता म्हटलं. इस्त्रीवालीनं हातातली इस्त्री उभी केली.

"मला? डोकं फिरलंय का तुझं? आजी फाडून खाईल."

"आजीनंच सांगितलंय मावशी, माझ्याजवळ बसव म्हणून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी जिना चढताना पोर एकेका पायरीवर थांबली.

रविवारी पहिलं गीत चालू असताना इस्त्रीवाली दारात आली. अंगावरच्या कपड्यांना एक चुणी नाही. पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. सगळे पाठमोरे. सतरंजीवरून एकटी नात मान वळवून बघत होती.

इस्त्रीवाली भिंतीच्या कडेकडेनं आजीच्या बाकापाशी गेली.

"तुम्ही बोलावलंत म्हणून आले," ती हळूच म्हणाली. "नाहीतर माझी काय हिंमत?"

आजीनं तिच्याकडे पाहिलं. मग सतरंजीवरच्या नातीकडे पाहिलं. पोरीनं खालचा ओठ दातात धरला होता. घरी गेल्यावर तिचं काय करायचं ते करता आलं असतं. पण ही बाई आत्ता परत गेली असती, तर पुन्हा कुठल्याच दारात उभी राहिली नसती.

आजीचा हात पिशवीवर होता. एक अख्खं कडवं होईपर्यंत तो तिथेच राहिला. मग पिशवी खाली गेली.

"बस," आजी म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. नातीनं मिटले नाहीत. इस्त्रीवालीनंही मिटले नाहीत, कारण मिटायचे असतात हे तिला सांगायचं पोरीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आजी आणि इस्त्रीवालीच्या मधे बाकावर आजीची शाल पसरली होती. गादीखाली दाबलेली, नको तिथे घड्या पडलेली. इस्त्रीवाली त्या घड्यांकडे बघत राहिली. मग तिचा तळहात आपसूक शालीवर टेकला आणि दाब देत पुढे सरकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपण कुठे आहोत ते तिला आठवलं, आणि तिनं हात चटकन मांडीवर ओढला.

आजीचे डोळे मिटलेलेच होते.

"थांबलीस का?" ती पुटपुटली. "कोपरा राहिलाय."