गाडीची झोप

"किल्ली दे, आई," लेक म्हणाली. खांद्यावर चार महिन्यांचं बाळ, दुसरा हात पुढे. "परवा भर पुलावर बॅटरी संपली. आता आणखी काय व्हायची वाट बघायची?"

आईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

काचेपलीकडे वर्कशॉपमध्ये तिची इलेक्ट्रिक गाडी उभी होती. नर्सची नोकरी संपली तरी आई रोज तीन घरी जायची, अंथरुणाला खिळलेल्यांचं ड्रेसिंग बदलायला. गाडी गेली की ती तीन घरंही गेली.

"बॅटरी आपोआप उतरत नाही. तू काहीतरी चालू ठेवतेस नि विसरतेस. होतं या वयात."

"हो का? उद्या मला माझंच नाव विचारशील."

ठसक्यात बोलली खरी, पण आतून ती चरकलेली होती. हल्ली गाडी लावली की ती मोठ्याने म्हणायची, दिवे बंद, एसी बंद, काचा बंद. तरी अर्ध्या जिन्यातून परत येऊन बघायची. सगळं बंदच असायचं. आणि संध्याकाळी ऐंशी टक्के दाखवणारी गाडी सकाळी सत्तरवर आलेली असायची.

मेकॅनिक हात पुसत आला. "काकू, बॅटरी ठणठणीत आहे. आणि तुम्ही काही चालू ठेवत नाही."

"मग?"

"गाडी झोपत नाहीये. उभी केली की तिने सगळं मिटून झोपायला हवं. पण कुणी मोबाइलवरून बघितलं, कुठे आहे, चार्ज किती आहे, की ती जागी होते. पुन्हा झोपेपर्यंत बॅटरी खाते. आणि इथे डोळा लागायच्या आत कुणीतरी परत उठवतंय." त्याने हातातला कागद पुढे केला. "काल एकशे बारा वेळा."

"माझ्या फोनात तर ते ॲपच नाही," आई म्हणाली.

बाळाला थोपटणारा लेकीचा हात थांबला.

"पाजताना एक हात मोकळा असतो," ती पुटपुटली. "नीट पोचलीस का, तेवढंच बघते."

"एकशे बारा वेळा पोचले मी काल?"

"तू फोन उचलत नाहीस!"

"गाडी चालवताना उचलू?"

मेकॅनिक खाकरला. "ताईंचा फोन काढून टाकू का गाडीवरून?"

लेकीचे डोळे डबडबले. आईने लेकीच्या कपाळावर आलेली बट मागे सारली, बाळाच्या टाळूवरून बोट फिरवलं.

"काढा," ती म्हणाली.

"आई, मला काळजी वाटते गं."

"वाटू दे की. वाटली तर ये. शेजारची सीट रिकामीच असते माझी."

पहिल्या घरच्या आजोबांची पट्टी एव्हाना भिजली असेल. तिने घड्याळ पाहिलं, पर्समधून किल्ली काढली आणि गाडीत बसली.

फाटकाशी वळताना आरशात लेक दिसली. तिने एकदा फोनकडे पाहिलं. मग तो खाली केला आणि बाळाला सावरत, टाचा उंचावून, नुसत्या डोळ्यांनी रस्त्याकडे बघत राहिली.

आईने वेग वाढवला.